सोडाकाकाचा गॉगल

१

साडेसातला अपघात झाला आणि नऊच्या ठोक्याला साहेबांनी त्याचा निकालही लावून टाकला. अपघात रजिस्टरमध्ये त्यांच्या वळणदार अक्षरात एकच वाक्य होतं : ‘टाकीत कॉस्टिक सोडा कालवताना गॉगल न घातल्यामुळे कामगाराच्या उजव्या डोळ्यास इजा.’ खाली दोन सह्या हव्या होत्या. एक साहेबांची, ती झालेली होती. दुसरी कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरची.

“पाचपर्यंत करून ठेवा,” साहेब म्हणाले. “फार खोलात जायला नको. त्यानं स्वतःच कबूल केलंय.”

सिस्टरनं मान डोलावली आणि रजिस्टर आपल्या टेबलावर उघडंच ठेवलं. तिची मान डोलावणं म्हणजे होकार, असा समज करून घेणाऱ्या माणसांची या कारखान्यात आजवर बरीच पंचाईत झालेली होती.

कारखाना औषधाच्या जुन्या बाटल्या धुण्याचा. बाटल्या येत मळकट, चिकट, आतून बुरसटलेल्या, आणि जात अशा की नवीन बाटलीनं लाजावं. ही सगळी करामत कॉस्टिक सोड्याची. रोज सकाळी एका मोठ्या टाकीत पाणी घेऊन त्यात सोड्याचे पांढरे पापुद्रे थोडे थोडे सोडायचे आणि ढवळायचे. हे काम सव्वीस वर्षं एकच माणूस करत होता, म्हणून सगळे त्याला सोडाकाका म्हणत. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. आणि गॉगलशिवाय टाकीजवळ जो दिसेल तो त्याच दिवशी घरी जाईल, अशी नोटीस दोन महिन्यांपूर्वीच फाटकावर लागली होती. म्हणजे सिस्टरनं सही केली, की काकाची नोकरी गेली. सव्वीस वर्षांच्या चोख कामावर हलगर्जीपणाचा शिक्काही बसला.

काकाला दवाखान्याच्या खोलीत आणलं तेव्हा तो कमरेपर्यंत चिंब होता. गाडी येईपर्यंत सिस्टर त्याच्या डोळ्यावर सलाइनची धार धरून उभी होती. त्या वेळी हात कामात होते, पण नजर मोकळी होती. काकाच्या कपाळावर लाल ठिपके, गालांवर ठिपके, नाकाच्या शेंड्यावर ठिपके. फक्त दोन्ही डोळ्यांभोवती कातडी स्वच्छ होती. वाटी उपडी ठेवून भोवती रंग उडवावा, तशी.

“गॉगल नव्हता, सिस्टर,” काका विव्हळत सांगत होता. “चूक माझी. तसंच लिहा.”

तिनं विचारलंही नव्हतं. दुखणारा माणूस आईला हाका मारतो, नाहीतर देवाला शिव्या देतो. हा कबुलीजबाब देत होता. गॉगल त्यानं घातला होता, हे त्याचा चेहरा ओरडून सांगत होता. मग स्वतःच्या पोटावर पाय आणणारं खोटं माणूस कुणासाठी बोलतो?

२

मुकादम तिला धुलाई विभागाच्या दाराशीच भेटला. कमरेला चाव्यांचा जुडगा, तोंडावर हळहळ. चाव्या खऱ्या होत्या. हळहळीबद्दल सिस्टरची खात्री नव्हती.

“वाईट झालं,” तो म्हणाला. “एवढा जुना माणूस, आणि असा निष्काळजीपणा! हे बघा, गॉगल खुंटीवर जसाच्या तसा. हातसुद्धा लावलेला नाही.”

खुंटीवर काकाचं नाव रंगवलं होतं आणि खाली गॉगल लटकत होता. सिस्टरनं तो उतरवला. पट्टा ताठ होता, रबराला कोरा वास होता. तिनं काचेच्या आतल्या बाजूनं अंगठा फिरवला. काच करकरली.

काकाची काच कधीच करकरली नसती. वाफेनं आणि घामानं काच धुरकटू नये म्हणून तो आतून साबण चोळायचा. जुन्या लोकांची युक्ती ती. दर सोमवारी तो सिस्टरकडून साबणाची चकती मागून न्यायचा आणि ती दर सोमवारी “आंघोळ करता की खाऊन संपवता?” असं विचारायची. आज मंगळवार होता.

सिस्टरनं गॉगल होता तसा टांगला आणि चेहरा शक्य तितका भोळा केला.

“टाकीत पाणी कुणी भरलं होतं, मुकादम?”

“रात्रपाळीनं. रोजच भरून जातात. मी तिकडे फिरकलोही नव्हतो.”

“आणि डोळा कुठं धुतला? या नळावर?”

टाकीपासून पंधरा पावलांवर डोळे धुवायचा खास नळ होता, खाली पांढरं बेसिन.

मुकादमनं सुस्कारा टाकला. “मी पहिला धावलो तो इथंच. नळ सोडून उभा राहिलो, चांगलं धोधो पाणी. पण बॉयलरवाला मध्ये घुसला आणि काकाला मागच्या बाजूला फरफटत घेऊन गेला. आता सिस्टर, सासरा-जावयाचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी काय बोलू?”

जे बोलायचं ते बोलून वर ‘मी काय बोलू’ म्हणायची लकब सिस्टरला मुळीच आवडत नसे. पण गोष्ट खरी होती. बॉयलरवाला म्हणजे काकाचा जावई. मुलीनं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून एकाच फाटकातून आत येणारी ही दोन माणसं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती.

स्टोअरमध्ये बसणाऱ्या बाईनं तर कळसच केला. सगळे तिला कुलूपबाई म्हणत, कारण तिच्या हातून वस्तू सुटणं अवघड. गुपितं मात्र अलगद सुटत.

“अगं सिस्टर, मी खिडकीतून बघितलं ना!” तिनं आवाज खाली आणला. “बॉयलरखोलीच्या मागे हौद आहे बघ. तिथल्या नळाखाली त्यानं सासऱ्याची मानगूट धरून तोंड पाण्यात दाबलं होतं. काका लाथा झाडत होते, सुटायला बघत होते. आणि तो तोंडातून एक अक्षर काढेल तर शपथ. जीवच घेत होता गं!”

३

पंधरा पावलांवर नळ असताना शंभर पावलं कशाला न्यायचं? चांगला हेतू ठेवून कुणी असं करेल का? सिस्टरला जावयाचा राग आला आणि मग रागाचाच संशय आला. एवढं सरळ बोट जेव्हा एकाच माणसाकडे दाखवलं जातं, तेव्हा बोट कुणाचं आहे हे आधी बघावं.

ती परत नळाशी गेली. मुकादम कुठंतरी आत होता. नळाच्या खालच्या पांढऱ्या बेसिनमध्ये धुळीचा पातळ थर होता, आणि त्या थरावर एक कोरडं पान निवांत पडलेलं होतं. सकाळी इथं धोधो पाणी वाहिलं असेल, तर हे पान पोहण्यात पटाईत असणार. तिनं नळ सोडला. पाणी आलं आणि पान वाहून गेलं.

म्हणजे आता नळाला पाणी होतं, पण सकाळी तो कुणी सोडलेलाच नव्हता. नाहीतर सोडूनही तो कोरडाच होता.

दवाखान्यात येऊन तिनं पंपवाल्याला फोन लावला.

“पंप ना? सहा वाजता खोलला होता, सिस्टर. सील गेलं होतं. नऊला चालू केला. तोवर थंड पाण्याची सगळी लाइन बंद.”

“हे कुणाला माहीत होतं?”

“मुकादमांना सांगूनच खोलला की. ते म्हणाले, रात्रपाळीनं टाकी भरायची ठेवलीय, लवकर उरक. मी म्हटलं, नऊच्या आत जमणार नाही.”

सिस्टरनं फोन ठेवला आणि बोटांवर हिशेब मांडला. टाकी रात्रपाळीनं भरली नव्हती. थंड पाणी कारखान्यात नव्हतं. हौदात साठवलेलं होतं थोडं, त्याचाच मागचा नळ तेवढा चालू होता, पण तिथून बादल्यांनी टाकी भरायची तर अर्धा दिवस गेला असता. तरी साडेसातला टाकी भरलेली होती. कशानं?

ती हौदाकडे निघाली. नळाखालची जमीन अजून ओली होती, चिखलात बुटांचे ठसे एकमेकांत मिसळलेले. हौदाच्या कडेला गवत वाढलं होतं. तिनं पायानं ते बाजूला केलं, आणि मग खाली वाकून रुमालानं एक वस्तू उचलली.

गॉगल होता. पट्टा जुना, ढिला, मध्येच तुटलेला. काचेवर बाहेरून सोड्याचे पांढरे शिंतोडे वाळून बसलेले. तिनं रबरी हातमोजा चढवला, काच आतून चोळली. बोट गुळगुळीत सरकलं.

काकाचा गॉगल सापडला होता. मग खुंटीवरचा कुणाचा?

उत्तर कुलूपबाईच्या वहीत होतं. आजच्या तारखेला एकच नवा गॉगल दिलेला, वेळ आठ वाजून दहा मिनिटं, पुढं मुकादमची सही.

“जुना तुटला म्हणाले,” कुलूपबाई म्हणाली. मग तिनं सिस्टरकडे बघितलं आणि न मागताच वही तिच्या हातात दिली.

४

हॉस्पिटलमधून डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन दुपारी आला.

“डोळा वाचेल असं वाटतंय,” ते म्हणाले. “धूसर दिसेल काही महिने. पण सिस्टर, तिथं कुणीतरी डोळा फार छान धुतलाय. लगेच, आणि निदान वीस मिनिटं. पापण्या जबरदस्तीनं उघड्या धरून. कॉस्टिक आत आत खात जातं, पाच मिनिटं जरी उशीर झाला असता तर मी आज तुम्हाला दुसरं काहीतरी सांगत असतो.”

सिस्टर उठली ती थेट बॉयलरखोलीत. जावई मीटरकडे बघत उभा होता. तिशीचा, आडव्या अंगाचा, तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतका घुमा. त्याच्या शर्टाच्या बाह्यांना सोड्यानं भोकं पडली होती आणि मनगटं लाल झाली होती.

“हात दाखव,” सिस्टर म्हणाली. “सकाळीच यायला काय झालं होतं? आणि तू काकांना धुवायच्या नळावर का नाही नेलंस?”

“नळ कोरडा होता. लाइनचा काटा सहापासून शून्यावर होता.”

“तू धुतलास डोळा?”

त्यानं होकारार्थी मान हलवली. “ते पळायला बघत होते. डोळा मिटून घेत होते. मग धरलं.”

“आणि एक शब्द बोलला नाहीस.”

“माझा आवाज ऐकून आणखी झटापट केली असती त्यांनी,” तो म्हणाला. “नंतर मुकादम स्ट्रेचर घेऊन आले. मी परत आलो. बॉयलर सोडून आलो होतो.”

सिस्टरनं त्याची मनगटं उलटसुलट करून पाहिली. पण संशय हा असा पाहुणा आहे, की तो दोन भाजलेली मनगटं पाहून जात नाही.

“टाकीत गरम पाणी होतं ना?” तिनं एकदम विचारलं.

जावयाचा चेहरा उतरला. “होतं. मी पोचलो तेव्हा वाफ निघत होती. मी बोललो नाही, कारण पहिलं नाव माझंच येणार. गरम पाणी म्हणजे बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे मी.”

“मग नाव का येऊ नये? दे उत्तर.”

तो तिला भिंतीकडे घेऊन गेला. धुलाईकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या जुन्या जाड पाइपवर लाल चाक होतं, आणि चाकाला तारेनं बांधलेलं लाखेचं सील. सीलवर महिन्यापूर्वीची तारीख. लाखेला तडासुद्धा गेलेला नव्हता.

“नवीन पाइप टाकला तेव्हा हा बंद केला,” तो म्हणाला. “आता गरम पाणी तिकडूनच सोडतात. मुकादमच्या केबिनमागे लोखंडी पेटी आहे, तिच्यात व्हॉल्व्ह.”

“पेटीची चावी?”

जावयानं नुसतं धुलाई विभागाकडे पाहिलं. नाव घ्यायची गरज नव्हती. ती चावी कमरेला लटकवून माणूस सकाळपासून कारखानाभर खुळखुळत फिरत होता.

५

पाचला दहा कमी असताना सिस्टर साहेबांच्या खोलीत शिरली. काखेत रजिस्टर आणि स्टोअरची वही, हातात प्लास्टिकची पिशवी. मुकादम आधीच तिथं होता. त्यालाही बोलवा, असं तिनंच कळवलं होतं.

“झाली सही?” साहेबांनी विचारलं.

“आधी हे बघा.” तिनं पिशवीतून गॉगल टेबलावर ठेवला. “हा काकांचा. हौदाजवळ मिळाला. डोळा धुताना पट्टा तुटून पडला असणार. आतून साबण आहे, बाहेरून सोडा. खुंटीवरचा आज आठ दहाला स्टोअरमधून निघालाय, मुकादमांच्या सहीनं.”

मुकादम म्हणाला, “अहो, पण काका स्वतः म्हणतात...”

“म्हणतात ना. त्यावरच तर मी दिवसभर अडले होते. गॉगल चढवलेला माणूस, आतून साबण चोळलेला, मग डोळ्यात सोडा गेला कसा? आणि एकाच डोळ्यात का?” सिस्टरनं गॉगल स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला आणि उजवी बाजू बोटानं उचलली. “असा. काच एकदम धुरकटली. साबण रोजच्या वाफेला पुरतो, उकळत्या पाण्याच्या वाफेला पुरत नाही. काकांनी सोड्याचं फावडं टाकीत रिकामं केलं होतं, आणि दिसेना म्हणून एका हातानं काच उचलून पुसायला गेले. सव्वीस वर्षं थंड पाण्यातच सोडा टाकलेला माणूस तो. पाणी गरम असेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. सोडा पाण्यात पडला की स्वतःच तापतो. गरम पाण्यात पडला की उसळतो. तो उसळला, त्या एका क्षणात.”

“पाणी रात्रपाळीनं...” मुकादमनं सुरुवात केली.

“रात्रपाळीनं भरलेलं पाणी सकाळपर्यंत निवलं असतं. हे पाणी सहानंतरचं होतं. थंड लाइन सहापासून बंद, पंपवाल्यानं तुम्हाला सांगून बंद केलेली. डोळ्याच्या नळावर तुम्ही धोधो पाणी सोडलंत म्हणता. त्या बेसिनमध्ये सकाळची धूळ जशीच्या तशी होती. पाणी नव्हतंच, हे तुम्हाला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कारण पाणी नव्हतं म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, मग टाकी कशानं भरली? बॉयलरखोलीतल्या व्हॉल्व्हला महिन्याचं सील आहे. दुसऱ्याची चावी तुमच्या कमरेला आहे.”

मुकादमचा हात नकळत जुडग्यावर गेला आणि चाव्या वाजल्या.

“माल अकराला निघायचा होता,” तो शेवटी म्हणाला. आवाज पार बसला होता. “नऊपर्यंत थांबलो असतो तर निघाला नसता. मला वाटलं, गरम पाण्यात लवकर विरघळेल. साखर विरघळते तशी. आणि नंतर आपण सोडा गरम करूनच वापरतो ना, सिस्टर? शेवटी गरमच करायचा, मग आधीच गरम घेतला तर काय बिघडलं, असं वाटलं. मी आयुष्यात कधी कालवला नाही हो तो. काकाच कालवायचे.”

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सिस्टरला जास्त संताप आला.

“चूक झाली हे मी समजू शकते. पण एक माणूस दवाखान्यात विव्हळत असताना तुम्ही त्याच्याजवळ नाही थांबलात, त्याच्या खुंटीवर कोरा गॉगल टांगायला धावलात! आणि वर त्याच्या जावयाकडे बोट दाखवलंत.”

साहेबांनी घसा साफ केला. “आपण असं लिहू. पंप बिघडल्यामुळे...”

“पंपानं टाकी भरली नाही, साहेब.”

“पण मग तो म्हातारा खोटं का बोलला?”

“काकांना महिन्यापूर्वीच्या नव्या पाइपची कल्पना नाही. गरम पाणी म्हणजे जावई, एवढंच त्यांना माहीत. वाफेची गोष्ट निघाली तर मुलीचं घर उघड्यावर पडेल, म्हणून त्यांनी गॉगलच नव्हता असं सांगितलं. गॉगल नाही, तर धुरकटणार काय? तुम्ही दोघं एकच खोटं बोलत होता, मुकादम. तुम्ही स्वतःला वाचवायला आणि ते दुसऱ्याला वाचवायला.”

तिनं साहेबांच्या वाक्यावर सरळ रेघ मारली, खाली पाच ओळी लिहिल्या, सही केली आणि रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग पेन उचललं, कारण काकाचा गॉगल आणि स्टोअरची वही अजून सिस्टरच्याच ताब्यात होती.

६

हॉस्पिटलमध्ये काका टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर जाळीचं झाकण, डावा सततच्या पाण्यानं सुजून बंद. सिस्टरनं खुर्ची ओढली आणि काहीही न वगळता सगळं सांगितलं. सील, पेटी, चावी. नोकरी शाबूत आहे, हेसुद्धा.

काकानं टेकलेली पाठ सरळ केली.

“म्हणजे त्यानं पाणी सोडलं नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही.”

“मी दिवसभर त्याला शिव्या घालतोय मनात. म्हटलं, पोरीसाठी गिळायचं.” तो थांबला. “आणि मला पाण्याखाली धरलं ते मुकादमनं ना? त्याचाच आवाज होता.”

“आवाज शेवटी आला त्याचा. वीस मिनिटं धरलं होतं ते तुमच्या जावयानं, बॉयलर सोडून. दोन्ही मनगटं भाजलीत त्याची. डॉक्टर म्हणतात, डोळा त्यानं वाचवला.”

सव्वीस वर्षं सोडा कालवलेले काकाचे हात चादरीवर नुसतेच चाचपडत राहिले. सिस्टरला त्याच्याकडे बघवेना.

“कुठं आहे तो?” काकानं विचारलं.

“बाहेर. पाळी सुटल्यापासून बाकावर बसलाय. आत ये म्हटलं तर नको म्हणाला.”

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली. तासातासाला थेंब टाकायचे होते, डोळा बोटांनी उघडा धरून. काकानं पावलं ऐकली आणि हात वर करून तिला थांबवलं.

“तुम्ही नको,” तो म्हणाला. “बाहेर बसलाय त्याला बोलवा. माझा डोळा त्याच्याच हातात देईन मी.”

जावई दारात आला तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या. सिस्टरनं बाटली त्याच्या हातात दिली आणि खुर्चीवरून उठली. तो पलंगाशी गेला, जाळी अलगद काढली आणि सासऱ्याच्या कपाळावर पंजा टेकवला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा काकाशी बोलला.

“मामा, वर बघा.”

काकानं वर बघितलं.